नदीनं परत केलेलं डांगर

चैत्र लागला की आमच्या अमरावतीच्या गल्लीतली कुत्री माझ्या फाटकापाशी जरा जास्तच घोटाळायला लागतात. डांगराची हातगाडी वळणावर दिसली की मी पिशवी घेऊन खाली उतरते, एकेक फळ नाकाशी धरून पाहते आणि मनासारखा वास आला की घेते. घरी आणलेल्या पहिल्या डांगराचे दोन भाग करायचे, एक घरात आणि एक फाटकाबाहेर, असा माझा रिवाज आहे. माझी सून पुण्याची. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने हे पाहिलं आणि फार सभ्यपणे विचारलं, "आई, कुत्री कधी फळं खातात का हो?" तिच्या माहेरी डांगर म्हणजे भाजीचा लाल भोपळा. म्हणून आधी तिला सांगावं लागलं की आमच्याकडे खरबुजाला डांगर म्हणतात. मग कुत्र्याचं सांगायला घेतलं, ते काही केल्या संपेना. दर चैत्रात थोडं थोडं सांगत आले. यंदा म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं, म्हणजे ती बिचारी सुटेल.

डांगराचा वास मला सरळ बाळापूरला नेऊन सोडतो, आणि तेही गावात नाही, नदीत. नदीत म्हणजे पाण्यात नव्हे. उन्हाळ्यात आमच्या मन नदीत पाणी एका कडेला ओहोळाएवढं उरायचं आणि बाकी सगळी रेती. त्या रेतीत आमची डांगरवाडी असे. आम्ही माळी, गावाला लागून आमची भाजीपाल्याची छोटी बाडी होती. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर बाजारात न्यायची आणि माघात नदी मागे सरकली की बाबा तिच्या मागे मागे रेतीत जायचे. रेतीत आळी खणून त्यांत शेणखत भरायचं, बी टाकायचं, सभोवती तुराट्यांचं कुंपण घालायचं आणि एका टोकाला एक खोपी उभी करायची. आमची वार्षिक परीक्षा आटोपली की माय, मी आणि धाकटा नामा असे सगळेच खोपीत राहायला जात असू. घर काही फार दूर नव्हतं. पण एकदा नदीत उतरलं की शाळा सुरू होईपर्यंत गाव आम्हाला परकं वाटायचं.

नुकतंच आमचं वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं होतं. मोठी माणसं त्यावर पारावर बसून बोलायची. आम्हाला एवढंच ठाऊक होतं की ऊन तेच आहे. दुपारची रेती इतकी तापायची की पाय टेकवत नसे. आम्ही पळसाची पानं तळपायांना बांधून ओहोळापर्यंत धावायचो, आणि पोचेपर्यंत एका तरी पायाचं पान सुटून जायचं. प्यायला झिऱ्याचं पाणी. रेतीत हातभर खणलं की तळाशी पाणी जमायचं. आधी गढूळ असायचं, मग हळूहळू निवळायचं, आणि इतकं गार की दात दुखायचे. दुपारी खोपीत पडून डांगराच्या वाळलेल्या बिया दातांनी सोलत बसायचं. जे फळ सगळ्यांत गोड निघेल त्याच्या बिया मात्र मोडायच्या नाहीत. त्या राखेत चोळून माय पुढच्या सालासाठी ठेवायची. नामा त्यातल्याही दोन-चार लांबवायचा, आणि त्याच्या ओठांना लागलेली राख पाहून ते लगेच उघडकीला यायचं.

वाडीला राखण लागते, कारण कोल्ह्यांना डांगर फार आवडतं. म्हणून बाबांनी भुऱ्याला ठेवलं. ठेवलं म्हणजे तोच एका बाजारच्या दिवशी त्यांच्या मागे मागे आला आणि परत गेला नाही. रंगाने थेट रेतीसारखा. आळ्याच्या कडेला निजला की दिसायचाच नाही, आणि मग कुणाचा तरी पाय शेपटीवर पडून सगळ्या नदीला कळायचं की भुऱ्या कुठे आहे. कोल्हा ओरडला की भुऱ्या बाबांच्या बाजेखाली जाऊन बसायचा आणि तिथून, अगदी सुरक्षित जागेवरून, भुंकायचा. एवढंही चाललं असतं. पण त्याला स्वतःलाच डांगर आवडायचं. कच्च्याला तोंड लावायचा नाही. देठ सुटलेलं, पिवळं झालेलं, घमघमणारं फळ बरोबर हुडकायचा, दोन पायांत धरायचा आणि डोळे मिटून खायचा. बाबा म्हणायचे, "कोल्हा बरा, तो चोरून तं खाते."

माय त्याचं नाव घेतल्याशिवाय दिवसाचा एक तास काढत नसे. नाव घ्यायची ते अर्थात रागावायला. भाकरी थापताना, आळ्यांना पाणी घालताना, कुंपण सावरताना तिचं तोंड चालू असायचं आणि भुऱ्या तिच्या मागे मागे. "पाह्य, तुया मालकानं पुन्हा खुरपं कोठी टाकलं ते. मले सांग, म्या काय दिवसभर खुरपंच हुडकू काय? तू नोको सांगू, तू त्याचाच." बाबा मुळात अबोल. त्यांचं जे काही बोलणं असे ते बैलांशी. माय भातकुलीची. अमरावतीजवळचं गाव, आज मोटारीने काहीच लांब नाही, पण तेव्हा तिच्या माहेरचं माणूस वर्षातून एकदा दिसलं तर दिसलं. बाळापुरात तिचं मोकळं बोलणं व्हायचं ते फक्त आजीशी, म्हणजे तिच्या सासूशी. दोघी दिवसभर भांडायच्या आणि संध्याकाळी एकमेकींच्या डोक्याला तेल लावायच्या. ज्या उन्हाळ्याची ही गोष्ट, त्याच्या आधीच्या हिवाळ्यात आजी गेली. तेव्हापासून भुऱ्याला बोलणी जास्त बसायला लागली, हे मला आता लिहिताना कळतं. तेव्हा वाटायचं, मायला कुत्रं आवडत नाही.

आजी जाताना मायला एक काम नेमून गेली होती. वाडीतलं पहिलं पिकलेलं डांगर नदीचं. ते घरात कुणी खायचं नाही, विकायचं नाही. त्याला हळदकुंकू लावून ओहोळात सोडायचं, ते वळणाआड जाईपर्यंत हात जोडून उभं राहायचं, आणि मगच बाकीच्या वाडीला हात लावायचा. रेती नदीची, पाणी नदीचं, मग पहिला घास तिचा. नामा झाला त्या साली आजी आजारी होती आणि हे राहून गेलं. त्याच वैशाखात वर डोंगरात कुठेतरी पाऊस झाला आणि कोरड्या नदीला पाणी येऊन अख्खी वाडी वाहून गेली. आजीने या दोन गोष्टी एकमेकींना बांधून ठेवल्या होत्या, आणि तशाच बांधलेल्या मायच्या हाती दिल्या होत्या. वाडी गेली तर पावसाळ्यापर्यंत खायचं काय हा प्रश्न होताच. पण मायला त्याहून मोठी भीती होती. सासूने सोपवलेलं पहिलंच काम आपल्या हातून बिघडेल की काय, ही.

त्या वर्षी तिने ते फळ आधीच हेरलं. लुगड्याच्या काठाची चिंधी त्याच्या वेलाला बांधली आणि आम्हाला बजावलं. भुऱ्यालाही बजावलं, त्याच्या नाकापुढे बोट नाचवून. एका शुक्रवारी सकाळी न्हाऊन, ताटात डांगर, हळदकुंकू आणि बाडीतली झेंडूची फुलं घेऊन ती ओहोळाशी गेली. आम्ही मागे उभे. बाबासुद्धा पागोटं बांधून आले होते. तिने डांगर पाण्यात सोडलं. ते थोडं डगमगलं, मग हळूहळू निघालं. मायने हात जोडून डोळे मिटले.

तिने डोळे मिटले होते म्हणून तिला दिसलं नाही. आम्हाला दिसलं. भुऱ्या काठाकाठाने पळाला, पाण्यात शिरला, डांगर मोठ्या जपणुकीने दातांत धरलं आणि शेपटी हलवत उलटा आला. मायने डोळे उघडले तेव्हा कुंकू लावलेलं ते डांगर तिच्या पायाशी होतं आणि शेजारी भुऱ्या, ओला, शाबासकीची वाट पाहत. नामा खो खो हसत सुटला. माझंही हसू आवरेना. मग आम्ही मायचा चेहरा पाहिला.

"नदीनं परत केलं," ती म्हणाली.

"अवं, नदी कायले परत करते," बाबा म्हणाले. "कुत्र्यानं आनलं."

"कुत्र्याले कोनं धाडलं?"

तेवढ्यात शाबासकी काही मिळत नाही असं पाहून भुऱ्याने डांगर फोडलं आणि डोळे मिटून खायला सुरुवात केली. मायने तिथल्या तिथे दुसरं फळ आणून सोडलं, पण ते दुसरं होतं. सगळा दिवस ती वरच्या अंगाला, नदी जिकडून येते तिकडे पाहत होती. संध्याकाळी तिने सांगून टाकलं, "हे कुत्रं वाडीत असन, तोवर नदीचा राग जाईन नाही. याले धाडा कोठीतरी."

पातूरला बाबांचे चुलतभाऊ होते, सोनाजीकाका. त्यांची फुलांची आणि भाजीची बाग. आठवड्याला बैलगाडी घेऊन येत आणि तिकडच्या बाजारासाठी आमची डांगरं नेत. पुढच्या खेपेला माय त्यांना म्हणाली, "भाऊजी, तुमच्या बागेत माकडं येतात म्हनता ना. हे कुत्रं घेऊन जा."

"माकडं पाहून हे आधी झाडावर चढीन," बाबा म्हणाले. पण त्यांनी अडवलं नाही. मायच्या शब्दापुढे ते कधी जात नसत.

गाडी भरली आणि डांगरांच्या राशीवर भुऱ्याला दोरीने बांधून बसवलं. आपल्याला हे सगळं खायलाच दिलं आहे अशी त्याची समजूत झाली असावी, फार खुशीत होता. नामा गाडीच्या चाकाला धरून रडत होता. मी रडत नव्हते, कारण मी मोठी होते. माय गाडीपाशी आली, भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडात दिला आणि म्हणाली, "तिकडं कोनाच्या चुलीपाशी जाऊ नोको. कोनाचं भांडं चाटू नोको. माह्यं नाव खराब करशीन." मग वळून आळ्यांना पाणी घालायला गेली. गाडी काठ चढून दिसेनाशी झाली तरी तिने मान वर केली नाही.

त्यानंतर वाडीत इतकी शांतता झाली की ओहोळाचा आवाज ऐकू यायला लागला. माय आमच्याशी बोलायची, पण पोरांशी बोलतात तसं. हात धू, ऊन लागीन, जेव. तिचं ते दुसरं बोलणं, लांबलचक, कशातून कशात जाणारं, भातकुलीच्या विहिरीपासून बाबांच्या खुरप्यापर्यंत पोचणारं, ते थांबलं. कधी भाकरी थापता थापता ती सुरू करायची, "पाह्य बरं आता..." आणि मागे वळून थांबायची. डांगर कापलं की साली एका बाजूला सारून ठेवायची. त्या संध्याकाळपर्यंत तिथेच वाळत पडायच्या, आणि मग ती स्वतःच त्या उचलून बैलांना टाकायची. नामा तर जेवायलाच बसेना. बाबांनी एकदा बैलांशी बोलताना जरा मोठ्याने म्हटलं, "घर मुकं झालं लेका." ते मायला ऐकू जावं म्हणूनच होतं. तिला ऐकू गेलं, आणि ती घागर घेऊन झिऱ्याकडे निघून गेली.

फार वर्षांनी, ती थकून माझ्याकडे अमरावतीला राहायला आली होती तेव्हा, मी तिला विचारलं, "आजी गेल्यावर तुले एकटं वाटे काय वं माय?"

"एकटं कायचं?" ती म्हणाली. "भुऱ्या होता ना."

"अन् तो पातूरले होता तवा?"

तिने तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाली, "ते नोको इचारू." आयुष्यभर मिळेल तो विषय बोलून काढणाऱ्या माझ्या आईने नको म्हटलेली ही एवढी एकच गोष्ट मला आठवते.

वैशाख निम्मा झाला असेल. दुपारी वरच्या अंगाला आभाळ काळं झालं. आमच्यावर थेंब नाही, पण वाऱ्याला ओल्या मातीचा वास. बाबा रेतीत उभे राहून कान देत होते. एकाएकी म्हणाले, "पानी येऊन राह्यलं. उठा." बाजा, भांडी, दाण्यांचं गाठोडं, जे हाती लागेल ते घेऊन आम्ही काठावर चढलो. बैल आधी चढवले. पाणी आलं ते गाजावाजा न करता आलं. तपकिरी, फेसाचं, काटक्या घेऊन येणारं. ओहोळ फुगला, कुंपण आडवं झालं, आणि ओहोळाच्या बाजूची आळी पाण्याखाली गेली. त्यांतली पिकलेली डांगरं सुटून वर आली आणि एकामागून एक बाळापूरच्या किल्ल्याच्या दिशेने निघाली. माय हात जोडून उभी होती. मी तिचा पदर धरला होता. आळ्यांची पुढची रांग जाते, आता तिच्या पुढची जाते, असं करता करता पाणी तिथेच थांबलं. दिवस मावळेपर्यंत ते उतरलंही. वाडीचा एक काठ गेला होता. बाकी सगळी होती तशी होती, ओली आणि हिरवी.

माय खाली उतरली, चिखलात फिरली, उरलेल्या वेलांवरून हात फिरवत गेली. मग बाबांपाशी येऊन उभी राहिली.

"भुऱ्या तं पातूरले हाय," ती म्हणाली.

"हाय."

"मंग हे काहून आलं?"

"पानी हाय," बाबा म्हणाले. "येते."

"नदीनं तिचं हातानं घेऊन घेतलं," ती म्हणाली. "झालं मंग. आता त्या मुक्या जनावराचा काय गुन्हा राह्यला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पेटीतलं ठेवणीतलं लुगडं काढलं. माय तोवर एकटी कधी मोटारीत बसली नव्हती. माहेरी जायचं तरी भाऊ न्यायला यायचा. बाबा म्हणाले, सोनाजी येईल त्या खेपेला घेऊन येईल. ती म्हणाली, तोवर कोण थांबतं. बाबा म्हणाले, मी जातो. ती म्हणाली, "म्या धाडलं, म्याच आनीन." एका फडक्यात भाकर बांधली आणि सर्व्हिस मोटारीच्या थांब्याकडे निघाली. बाबा मागून काठापर्यंत गेले आणि ती दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले.

संध्याकाळी मी आणि नामा थांब्यावर जाऊन बसलो. मोटार धूळ उडवत आली. तिच्या टपावर पोती, टोपल्या, एक सायकल, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये कोंबड्या झाकायचं मोठं डालं. त्याच्या फटीतून एक रेतीच्या रंगाचं नाक बाहेर आलेलं.

"उतरवा बाप्पा तुमचा पावना," कंडक्टर म्हणाला. "रस्ताभर वरून भुंकला. वाडेगावच्या लोकायले वाटलं, मोटारच भुंकून राह्यली."

भुऱ्या खाली आला तो नाम्याच्या अंगावरच. नामा खाली, भुऱ्या वर आणि दोघांच्या भोवती धूळ. माय लुगड्यावरची धूळ झटकत उतरली आणि तिने तोंड उघडलं ते वाडी येईपर्यंत मिटलं नाही. "लाज नाही वाटली तुले? सोनाजीभाऊजीच्या घरी भाकर सोडली म्हने यानं. अन्न टाकते काय रे कोनी? बरगड्या पाह्य. अन् मले पाह्यलं तं कसा आला, दोरी तोडून. त्यायची दोरी होती ते, आपली नव्हती. आता ते दोरी कोन देईन, तुहा मालक? त्याले तं खुरपं सापडत नाही..." नामा दोरीचा तुटका शेव धरून चालत होता, मी मागून. बाबा खोपीबाहेर बसले होते. तिचा आवाज काठावरूनच त्यांच्या कानी गेला असणार, कारण आम्ही खाली उतरलो तोवर त्यांनी चूल पेटवून चहाचं आधण ठेवलं होतं. चूल पेटवताना बाबांना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या चैत्रात मायने पुन्हा पहिल्या डांगराला चिंधी बांधली. शुक्रवारी न्हाऊन ती ओहोळाशी गेली, तेव्हा ताटात हळदकुंकवाच्या शेजारी विळाही होता. तिने पाण्याच्या कडेला बसून डांगर बरोबर मधोमध कापलं. दोन्ही अर्ध्यांना कुंकू लावलं. एक भुऱ्यापुढे ठेवलं आणि एक पाण्यात सोडलं. या खेपेला तिने डोळे मिटले नाहीत. भुऱ्याने आपलं खायचं सोडून निघालेल्या अर्ध्याकडे पाहिलं आणि अंग उचललं. तशी तिने त्याच्या मानेवर हात ठेवला.

"अर्धं तिचं, अर्धं तुहं," ती म्हणाली. "तिचं जाऊ दे."

तो कुरकुरला, पण बसला. डांगर डोलत डोलत वळणाआड गेलं. तरी तिचा हात त्याच्या मानेवर तसाच होता, आणि ती त्याला हळू आवाजात काहीतरी सांगायला लागली होती. बाबांनी खोपीतून हाक मारली, "अवं, या आता, भाकर थंडी होऊन राह्यली."

माय मागे न वळता म्हणाली, "थांबा जराक. आमी बोलून राह्यलो."